आधी खिडकी, मग भिंत

मुंबई, ठाणे आणि पुण्यात १९७० ते २००० या काळात उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमधला सर्वांत ओळखीचा फ्लॅट म्हणजे वन बीएचके. कार्पेट चारशे-साडेचारशे चौरस फूट. दहा बाय अठराचा हॉल, आठ बाय दहाचं स्वयंपाकघर, दहा बाय अकराची बेडरूम, पॅसेजमध्ये शेजारीशेजारी संडास-बाथरूम, आणि असलीच तर तीन-साडेतीन फुटांची बाल्कनी. नवराबायको आणि एक लहान मूल एवढ्या संसाराला ही जागा पुरत होती. मग मुलगी दहावीत गेली, गावी एकट्या पडलेल्या आजीला इकडे आणावं लागलं, २०२० नंतर घरातल्या कुणाचं तरी ऑफिसच डायनिंग टेबलावर येऊन बसलं. त्याच भागात टू बीएचके घ्यायचा तर किमतीतला फरक झेपत नाही. वर मुंबईत मेट्रो अधिभार धरून सहा टक्के मुद्रांक शुल्क, तीस हजारांपर्यंत नोंदणी फी, दलाली, आणि नव्या घरातलं फर्निचर. मग रविवारी सकाळी टेप घेऊन हॉल मोजला जातो आणि प्रश्न पुढे येतो: इथेच आणखी एक बेडरूम काढता येईल का?

बहुतेक वेळा याचं उत्तर ‘हो’ असंच मिळतं, कारण विचारलं जातं ते ठेकेदाराला, आणि भिंत कुठेही उभी करता येते. माझ्या मते टेप लावण्याआधी घरातल्या खिडक्या मोजायला हव्यात. नवी खोली किती फुटांची होईल हे दुय्यम. तिला स्वतःची, बाहेरच्या मोकळ्या हवेत उघडणारी खिडकी मिळणार आहे का, आणि ती देताना उरलेल्या घराची खिडकी जाणार आहे का, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

क्षेत्रफळाचे किमान आकडे राष्ट्रीय बांधकाम संहितेत आहेत. घरात राहण्याची एकच खोली असेल तर ती ९.५ चौरस मीटरची, म्हणजे साधारण १०२ चौरस फुटांची हवी आणि तिची रुंदी २.४ मीटरपेक्षा कमी नको. दोन खोल्या असतील तर एक ९.५ची आणि दुसरी ७.५ची चालते, म्हणजे ८१ चौरस फूट आणि किमान सात फूट रुंदी. उंची २.७५ मीटर, नऊ फूट. हे आकडे कंजूष वाटतात, पण खाट टाकून बघितल्यावर पटतात. आठ बाय दहाच्या खोलीत पाच फुटांचा पलंग टाकला की एका बाजूला तीन फूट उरतात. त्यात दोन फूट खोलीचं कपाट ठेवलं तर दार उघडायला जागा राहत नाही. तेवढ्याच जागेत एकाची खाट, अभ्यासाचं टेबल आणि कपाट मात्र नीट बसतं. म्हणून वाढीव खोली बहुधा एका माणसाची असते. ती दोघांची करायचा हट्ट धरला की घराचा ताळमेळ सुटतो.

त्याच संहितेतला खिडक्यांचा भाग सहसा कुणी वाचत नाही. कोकण किनाऱ्यासारख्या दमट-उष्ण हवेत खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश क्षेत्राइतकी उघडी जागा हवी. ऐंशी चौरस फुटांच्या खोलीला सव्वातेरा चौरस फूट, म्हणजे जवळपास सव्वातीन बाय चारची खिडकी, आणि ती पूर्ण उघडणारी. आपल्याकडच्या दोन पट्ट्यांच्या अॅल्युमिनियम स्लायडिंग खिडक्या एका वेळी निम्म्याच उघडतात. त्यामुळे चार बाय चारची खिडकी दिसली तरी हवा मिळते ती आठ चौरस फुटांची. डक्टमध्ये उघडणारी खिडकी या हिशेबात धरूच नये. डक्ट संडास-बाथरूमच्या हवेसाठी असतो. तिकडे तोंड करून आठ तास झोपायचं म्हणजे सात मजल्यांच्या बाथरूमची हवा घ्यायची.

उजेड आणि हवा हा या शहराच्या घरबांधणीतला सर्वांत जुना प्रश्न आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला, आणि त्यातून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्या हेच रोगाचं घर, असं ट्रस्टचं निदान होतं. त्यातून साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा उभी असता कामा नये. सोप्या शब्दांत, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, २०१८ मध्ये, ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासात गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कम्पाउंड आणि नटवर पारेख कम्पाउंड या पुनर्वसन वसाहती पुन्हा तेच सांगू लागल्या: दाटीवाटीच्या इमारती, उजेड-वारा न पोचणारी घरं आणि तिथल्या क्षयरोगाचं प्रमाण यांचा एकमेकांशी संबंध आहे. इमारतींमधली जागा आपल्या हातात नसते. पण घराच्या आत कुठल्या खोलीपर्यंत खिडकीचा उजेड पोचू द्यायचा, हे आपण भिंत घालून ठरवतो. एसीने हे भागत नाही. स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून परत देतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. बंद दाराच्या बिनखिडकीच्या खोलीत पहाटे डोकं जड होतं ते त्यामुळेच.

आता प्रत्यक्ष घराकडे येऊ. सर्वांत जास्त होणारा बदल म्हणजे हॉलचे दोन भाग. दहा बाय अठराच्या हॉलला बहुधा एकाच अरुंद बाजूला खिडकी किंवा बाल्कनीचं दार असतं. भिंत घातली की खिडकीकडचा आठ फुटांचा भाग बेडरूम होतो आणि मुख्य दाराकडचा उरलेला साडेनऊ फुटांचा भाग दिवसाही ट्यूबलाइटवर चालतो. उलट केलं तर हॉल छान राहतो आणि बेडरूम कोठार होते. मी यात बेडरूमच्या बाजूने आहे. झोपायच्या खोलीत माणूस दार लावून सलग सात-आठ तास असतो, हॉलमध्ये दार-खिडक्या सतत उघड-बंद होत असतात. पण घरात दिवसभर हॉलमध्येच बसणारं माणूस असेल, आजी-आजोबा किंवा आजारी कुणी, तर त्यांचा दिवस खिडकीवाचून काढायला लावणं मला अन्याय वाटतं. अशा घराने हॉल फोडूच नये. कोपऱ्यातल्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. तिथे हॉलला दोन बाजूंनी खिडक्या असतात, आणि हॉलचे दोन भाग खरोखरच दोन चांगल्या खोल्या होऊ शकतात.

फोडायचाच ठरला तर भिंत सात फुटांपर्यंत भरीव आणि वर छतापर्यंत काच, ही सर्वांत कमी नुकसान करणारी रचना. काचेतून हॉलला दुसऱ्या हाताचा का होईना, उजेड मिळतो. त्या काचेत उघडणारा एखादा झरोका ठेवला तर हवाही खेळते. फक्त मग आवाज आणि एकान्त यांत तडजोड होते. ज्याला रात्रपाळीनंतर दिवसा झोपायचं आहे, त्याच्या खोलीला हे चालणार नाही. भिंत, दार आणि दारापुढची चालण्याची वाट यांत पंचवीस-तीस चौरस फूट सहज जातात, हेही आधी कागदावर काढून बघावं.

दुसरा लोकप्रिय मार्ग म्हणजे स्वयंपाकघराची बेडरूम करायची आणि ओटा हॉलच्या एका कोपऱ्यात आणायचा. कागदावर हा सर्वांत हुशार पर्याय दिसतो, कारण स्वयंपाकघराला खिडकी असतेच. अडचण पाण्याची आहे. सिंकच्या सांडपाण्याच्या नळीला चाळीस फुटांना एक फूट असा उतार लागतो. नवा ओटा जुन्या जागेपासून बारा फूट लांब गेला तर नळीला साडेतीन-चार इंचांचा उतार द्यावा लागेल. एवढी उंची जमिनीत नसते. मग जमीन उचलावी लागते, किंवा प्लंबर स्लॅबला भोक पाडून नळी खालच्यांच्या छताखालून नेतो. हे दुसरं कुणीही, कितीही आग्रह केला तरी, करू देऊ नये. शिवाय खालच्या मजल्यावर तुमच्या नव्या ओट्याखाली त्यांचा हॉल किंवा देवघर असतं. ओली जागा ओल्या जागेवर आणि कोरडी कोरड्यावर, हा इमारतीचा मूळ हिशेब मोडला की गळतीची भांडणं सुरू होतात आणि ती वर्षानुवर्षं चालतात. पाइप्ड गॅस असेल तर त्याची नळी बेडरूममधून जाता कामा नये, आणि ती हलवायचं काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसांचंच. स्वयंपाकाला स्वतःची खिडकी राहिली नाही, तर फोडणीचा धूर नव्या बेडरूमसकट सगळ्या घरात फिरतो. आपल्या रोजच्या तळणीच्या आणि कुकरच्या स्वयंपाकाला परदेशी मासिकातलं उघडं किचन सोसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

बाल्कनी आत घेणं हा तिसरा मार्ग, आणि मुंबईने तो इतका वापरला की जुन्या सोसायटीत उघडी बाल्कनी शोधावी लागते. त्यामागे नियमांचाही हात आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक मर्यादेत बाल्कनी एफएसआयबाहेर, म्हणजे भूखंडावर मंजूर होणाऱ्या बांधकाम क्षेत्राच्या हिशेबाबाहेर, असे आणि अधिमूल्य भरून ती बंद करता येई. जानेवारी २०१२ च्या बदलांनी बाल्कनी, फ्लॉवरबेड वगैरे एफएसआयमध्ये मोजायला सुरुवात केली आणि त्याबदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के जादा, म्हणजे फंजिबल, एफएसआय दिला. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या इमारतींतल्या बाल्कनीचा कागदोपत्री दर्जा सारखा नाही. आपली बाल्कनी मंजूर नकाशात काय म्हणून दाखवली आहे, हे बघितल्याशिवाय तिला हात लावू नये.

बाल्कनीचा खरा धोका वजनाचा. ती एकाच बाजूने धरलेली, बाहेर लोंबती स्लॅब असते. भारतीय मानकांप्रमाणे घरातल्या खोल्यांची रचना चौरस मीटरला साधारण २०० किलो आणि बाल्कनीची ३०० किलो वापरभाराने केली जाते, त्यामुळे पलंग आणि माणसं ती पेलते. पण तिच्या टोकावर साडेचार इंची विटांची पूर्ण उंचीची भिंत बांधली तर दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह ती रनिंग मीटरला साडेसातशे किलोंच्या आसपास भरते. दहा फुटांच्या बाल्कनीच्या टोकाशी हे सव्वादोन टन होतात, आणि हिशेबात ते कधीच नव्हते. अॅल्युमिनियमची खिडकी आणि हलका पत्रा एवढ्यावर थांबलात तर वेगळं. वीट, टाइल, ग्रॅनाइट यांची ती जागा नव्हे.

आतल्या भिंतीलाही हाच हिशेब लागू होतो. नव्या पार्टिशनखाली बीम असेलच असं नाही. बहुधा नसतोच, ती स्लॅबच्या मध्यावर येते. मिस्त्री विटेचा आग्रह धरतो, कारण ‘पक्कं काम’. पण चार इंची सिपोरेक्स ब्लॉकची भिंत विटेच्या निम्म्याहून कमी वजनाची असते, आणि लोखंडी चौकटीवरच्या जिप्समची त्याहून कितीतरी हलकी, रनिंग मीटरला साठ-सत्तर किलो. दहा फुटांची जिप्सम भिंत म्हणजे तीन माणसांचं वजन. काढायची वेळ आली तर एका दिवसात निघते. वाढीव बेडरूमसाठी मी नेहमी तिचीच शिफारस करीन. अट एकच: आत ग्लासवूल भरायची आणि भिंत थेट स्लॅबपर्यंत न्यायची. फॉल्स सीलिंगपाशी थांबवली की आवाज वरून पलीकडे जातो, आणि एवढा खर्च करून आजीचं खोकणं आणि नातीची फोनवरची कुजबुज दोन्ही सगळ्यांना ऐकू येत राहतात.

भिंत घालण्यापेक्षा पाडणं धोक्याचं, आणि खोली काढताना काही ना काही पाडावंच लागतं. इथे इमारतीची जात ओळखायला हवी. जुनी, दोन-तीन मजली, जाड भिंतींची इमारत भिंतींवरच उभी असते. तिची आतली भिंतसुद्धा भार वाहते. १९६० नंतरच्या बहुतेक सोसायट्या बीम-कॉलमच्या सांगाड्यावर आहेत, आणि तिथल्या आतल्या विटेच्या भिंती सहसा नुसती जागा वाटतात. गेल्या काही वर्षांत अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेले टॉवर आले, लोक ज्याला ‘मायवान’ म्हणतात, त्यात जवळजवळ प्रत्येक भिंत काँक्रीटची आणि भार वाहणारी असते. तिथे दाराची जागा सहा इंच सरकवणंही बंद. वायरिंगसाठी बीमला किंवा कॉलमला चिरा मारणं तर कुठल्याच इमारतीत नको. सळई झाकणारं काँक्रीट बीम-कॉलमवर एक-दीड इंचच असतं, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत ते उघडं पडलं की गंज आत चढतो.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. मेलेल्यांपैकी बहुतेकांचा त्या कामाशी काहीही संबंध नव्हता. ते आपापल्या घरात होते. माझ्या घरातल्या भिंतीवर माझा हक्क आहे, पण तिच्यावर वरच्यांचं घर उभं असेल तर तो हक्क तिथेच संपतो. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र ही सोसायटीची कटकट समजू नये. कामाआधी इंजिनिअरने घरी येऊन, छत ठोकून, बीम बघून दिलेलं पत्र हवं. न बघता सही केलेलं पत्र नसल्यापेक्षा वाईट.

परवानग्यांबद्दल सर्रास एक समज आहे की आतल्या कामाला काही लागत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात केवळ अंतर्भागाशी संबंधित किंवा बाह्यरूप फारसं न बदलणाऱ्या कामांना सूट आहे, हे खरं. पण मुंबईत १८८८ चा महापालिका अधिनियमही लागू आहे, आणि त्याच्या कलम ३४२ मध्ये एका खोलीच्या दोन खोल्या करणं आणि वाटेची किंवा मोकळ्या जागेची खोली करणं ही दोन्ही कामं स्पष्ट लिहिलेली आहेत. त्यांची सूचना पालिकेला आधी द्यावी लागते. एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना हे शहर खोल्या फोडूनच वाढणार आहे हे दिसत होतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते ती वेगळी. राडारोड्यासाठी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. गोण्या नाल्याकाठी नेऊन टाकू नयेत. विकताना हा सगळा कागदोपत्री भाग पुन्हा समोर येतो. तुम्ही टू बीएचके म्हणून दाखवलेलं घर बँकेचा मूल्यमापक मंजूर नकाशाशी ताडतो, आणि नकाशात ते वन बीएचकेच असतं. म्हणून वाढीव खोली किंमत वाढवते असं धरून खर्च करू नये. ती राहणाऱ्यांसाठी असते.

शेजारचा वन आरके विकत घेऊन दोन फ्लॅट जोडणं परवडत असेल तर तो सर्वांत चांगला मार्ग, कारण त्यात नव्या खोलीबरोबर तिची खिडकीही येते. मधली भिंत सांगाड्याची नसेल आणि रीतसर परवानगी असेल तर दार पाडता येतं. पोटमाळ्याचा मार्ग मात्र अकरा-बारा फूट उंचीच्या जुन्या चाळींपुरता आणि वाड्यांपुरता. नऊ फुटांच्या फ्लॅटमध्ये तो सामान ठेवायलाच बरा.

एवढं सगळं करायचं ते कशासाठी, हे घरातल्या घरात मोकळेपणाने बोललं जात नाही. बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या वाढल्या. पुरुष गॅलरीत झोपत, बायका-मुलं आत. १९७० च्या राजा ठाकूर दिग्दर्शित ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटाचा विषयच नव्या जोडप्याला मुंबईत न मिळणारा एकान्त हा होता, आणि त्यावरून दोनच वर्षांत ‘पिया का घर’ हा हिंदी चित्रपट आला. तेव्हाच्या माणसांनी निभावून नेलं म्हणून आताच्यांनीही न्यावं, हे मला मान्य नाही. चौदा वर्षांच्या मुलीला कपडे बदलायला बाथरूममध्येच जावं लागणं, रात्री चारदा उठणाऱ्या आजीने सगळ्यांची झोप मोडते म्हणून पाणी पिणंच कमी करणं, हे खरे प्रश्न आहेत. पण त्यांना प्रत्येक वेळी भिंतच लागते असं नाही. आजीला संडासाजवळची खोली हवी असते, नवी खोली नव्हे. आहे ती बेडरूम तिला देऊन जोडप्याने हॉलमध्ये यायचं, हा निर्णय कित्येक घरांत पुरतो. मुलीला बंद होणारं दार, स्वतःचं कपाट आणि परीक्षेआधीची शांतता हवी असते. सहा-सात फुटांच्या कोनाड्याला सरकतं दार लावून तेवढं मिळतं, मग तिने रात्री झोपायला बाहेर आलं तरी चालतं. दिवसाच्या ऑफिसला तर एक टेबल आणि चांगला दिवा पुरे. मी आधी हे सगळे पर्याय महिना-दोन महिने राहून बघायला सांगेन. हॉलमध्ये जिथे भिंत यायची आहे तिथे जाड पडदा लावून पंधरा दिवस काढले की उजेड किती जातो, वारा कुठून येतो आणि चालताना कोण कुणाला अडतं, हे नकाशाहून जास्त कळतं.

आणि काळाचा हिशेब. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर मुंबईत कायद्याने संरचनात्मक तपासणी लागते. तिचा अहवाल सोसायटीच्या कपाटात असतो, तो मागून वाचावा. त्यात दुरुस्ती सुचवली असेल तर तुमचं काम तिच्यानंतर. पुनर्विकासासाठी लागणारी सभासदांची संमती २०१९ च्या शासननिर्णयाने ७५ वरून ५१ टक्क्यांवर आली, त्यामुळे वर्षानुवर्षं अडलेले प्रस्ताव आता पुढे सरकतात. मुंबईत पुनर्विकासात जुन्या सभासदाच्या अधिकृत क्षेत्रावर ३५ टक्के फंजिबल एफएसआय अधिमूल्याशिवाय मिळतो. ४५० चौरस फुटांचे सहाशेच्या पुढे जातात, आणि तिथे दुसरी बेडरूम खिडकीसकट नकाशातच येते. हिशेबात धरलं जातं ते मंजूर क्षेत्र. बेकायदा आत घेतलेली बाल्कनी त्यात मोजली जात नाही. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय येणार असेल, तर विटा, टाइल्स आणि नव्या प्लंबिंगवर पैसे घालण्यात अर्थ नाही. मधल्या चार-सहा वर्षांसाठी जिप्समची एक हलकी भिंत, वर काच, आणि तिला लागून खिडकीकडची खाट, एवढं पुरेसं आहे.